वाळूजची माणसे

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आमच्या वसाहतीत जितका विचारला जातो तितका क्वचितच दुसरीकडे कोठे विचारला जात असेल. शेजारी नवा भाडेकरू आला, मुलीला स्थळ सांगून आले, किराणा दुकानात दोन अनोळखी माणसे बोलू लागली, की पहिला प्रश्न हाच. उत्तरेही ठरलेली. कोणी उमरग्याचा, कोणी गेवराईचा, कोणी मेहकरचा, कोणी पाचोऱ्याचा. आयुष्याची तीस-तीस वर्षे येथे घालविलेला माणूसही "मी वाळूजचा" असे म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो. "वैजापूर तालुका, घोगरगावच्या बाजूचा," हे माझे उत्तर पस्तीस वर्षे बदलले नाही. ते पुढे का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वाळूज हे तसे जुने गाव. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहराहून नगरमार्गे पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर ते वसलेले आहे. माझ्या लहानपणी गंगापूरकडून शहरात जाणारी एस.टी. या गावावरून जात असे. खिडकीतून दिसे ती कोरडवाहू ज्वारी-बाजरीची शेते, मधूनमधून मुरमाड माळ आणि दूरवर डोंगरांची निळी रांग. या माळावर उतरण्याचे काही कारण आपल्याला कधी पडेल, असे तेव्हा स्वप्नातही आले नसते.

माझे गाव घोगरगावच्या मिशनला जोडलेले एक लहानसे खेडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाचे फ्रेंच धर्मगुरू निजामी मुलखातील या भागात आले. बैलगाडीने व पायी खेडोपाडी हिंडले, मराठी शिकले, आमच्या आज्या-पणज्यांच्या ओसरीवर बसून भाकरी खाल्ली. त्यांपैकी फादर गुरियन जाकिये यांचे नाव आमच्याकडे आजही घरच्या माणसाचे नाव घ्यावे तसे घेतात. आधी नागपूर, १९५५ नंतर अमरावती आणि १९७७ पासून औरंगाबाद, असे आमचे धर्मप्रांत बदलत गेले. पण आमच्या वडिलांच्या लेखी ख्रिस्तसभा म्हणजे मिशनचे आवार, तेथील चर्चची घंटा आणि आवारालगतची दफनभूमी.

हे आवार त्यांना एवढे प्रिय का होते, हे मला फार उशिरा उमगले. आमची वस्ती गावकुसाबाहेरची. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नावे बदलली, घरात क्रूस आला. वस्तीची जागा मात्र बदलली नाही. पाणवठा निराळा, चावडीवर बसण्याची जागा निराळी. मिशनच्या फाटकातून आत गेले की तेवढ्या वेळापुरते गावकूस मागे राही. तेथे वडील बाकावर बसत, फादरांशी मान वर करून बोलत. मेल्यानंतरची जागाही तेथेच मिळणार, याचा त्यांना आधार वाटे.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडण्याच्या कामावर जात. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. मुलांना सुकडी वाटली जाई. त्या दुष्काळाने मराठवाड्याला एक गोष्ट शिकविली, की नुसत्या शेतीवर घर चालणार नाही. आमच्यासारख्या शेत नसलेल्यांना ती आधीच ठाऊक होती. पण जायचे कोठे? मुंबई लांब, पुणे लांब.

मग वाळूजच्या माळावर कारखाने येऊ लागले. पैठणला गोदावरी अडवून बांधलेल्या जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी औद्योगिक वसाहतीला मिळाले, पुण्याचा रस्ता होताच. १९८४ च्या जानेवारीत बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९८५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्कूटर एका कारखान्यात जुळविली जाते, पण तिचे शेकडो सुटे भाग इतर लहान-मोठे कारखाने पुरवितात. त्यामुळे एका मोठ्या कारखान्यामागे लहान कारखान्यांची रांगच उभी राहिली. दाबयंत्रे, ओतशाळा, रंगकाम, रबर, प्लास्टिक. आठवी-दहावी शिकलेल्या, हातात बळ असलेल्या पोरांना तेथे काम होते. आयटीआय झालेल्यांना तर मानाने बोलावीत.

१९८६ च्या उन्हाळ्यात एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि आईने दिलेली जपमाळ घेऊन मी वाळूजला उतरलो. एका लहानशा कारखान्यात प्रेसवर हेल्पर म्हणून लागलो. राहावयास जागा नव्हती. ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या त्या शेतकऱ्यांनी रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या गावांतून उरल्यासुरल्या जागेत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठविल्या होत्या. दहा बाय दहाची खोली, तीत आम्ही पाच जण. तिघे पाळीवर गेले की दोघे झोपत. आमच्याकडून भाडे घेणारा घरमालक कधीकधी पायरीवर येऊन बसे आणि समोरच्या कारखान्याकडे बोट दाखवून म्हणे, "तिथं माझा हरभरा होता." त्याच्या बोलण्यातले दुःख तेव्हा आम्हांला कळले नाही. आम्ही गाव सोडून आलो होतो. त्याचे गाव मात्र त्याला सोडून गेले होते.

खोली शोधताना आडनाव विचारून "कालच गेली" असे सांगणारे घरमालकही मला भेटले. तेव्हा येथे सगळे नवे होते आणि सगळे चांगले होते, असे म्हणणार नाही. तरीही एक गोष्ट या वसाहतीत खरोखर नवी होती. पुढे बजाजनगरात मला एक लहान प्लॉट मिळाला. औद्योगिक महामंडळाच्या नकाशात आर.एल., आर.एम. अशी अक्षरे आणि त्यांपुढे आकडे. त्या कागदावर माझे घर कोठे आहे हे मी बोटाने शोधले आणि बराच वेळ पाहत राहिलो. नकाशाला चार बाजू होत्या, रस्ते होते, उद्यानाची जागा होती, गावकूस नव्हते. माझ्या डाव्या बाजूला उमरगा तालुक्यातले लिंगायत कुटुंब, उजवीकडे जालन्याकडचे बौद्ध, समोर गंगापूरचे मुसलमान मेकॅनिक. नळ आला नाही की चौघांच्याही बायका एकाच टँकरपुढे भांडत. ते भांडण ऐकून माझ्या आईला, ती पहिल्यांदा आली तेव्हा, मोठे नवल वाटले होते. "एकाच पाण्यासाठी भांडतात की गं," ती माझ्या पत्नीला म्हणाली.

त्या काळी आम्ही कॅथोलिक कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारच्या मिस्सासाठी शहरात जावे लागे आणि तिसरी पाळी करून आलेल्याला ते जमत नसे. मग फादर महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊ लागले. ज्याची खोली मोठी त्याच्याकडे मिस्सा. सुट्या भागांची लाकडी खोकी एकावर एक रचून वर पांढरी चादर अंथरली, की वेदी तयार. आम्ही वैजापूरकडचे लोक टाळ-तबल्यावर भजने म्हणणारे. केरळातून आलेल्या परिचारिकांना ती चाल येत नसे, पण दोन-तीन महिन्यांत त्याही टाळ्या धरू लागल्या. ऑक्टोबरात रोज एका घरी जपमाळ होई. सप्टेंबरात टेम्पो ठरवून सगळे हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला जात, तेव्हा शेजारच्या उमरग्याच्या काकू नवसाचा नारळ आमच्याबरोबर पाठवीत.

देवाण-घेवाण एकतर्फी नव्हती. आमच्या वसाहतीला लागून पंढरपूर नावाचे गाव आहे. भाविक त्याला छोटे पंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीला पहाटेपासून शहरातून माणसांची रीघ लागते. त्या दिवशी माझी पत्नी चहाचे मोठे पातेले चुलीवर चढवी आणि मुलांना पाण्याचे पिंप घेऊन रस्त्यावर बसवी. एका नातेवाइकाने तिला विचारले, "हे आपल्यात बसतं का?" ती म्हणाली, "तहान लागलेल्याला पाणी देणं कोणात बसत नाही?" या तिच्या स्वभावाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून सांगतो.

१९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट आमची गल्ली विसरणार नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जनासाठी सगळे जागले होते. सकाळी आकाशवाणीवर किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली. उमरग्याच्या काकूंचे माहेर त्याच पट्ट्यातले. फोन नाही, निरोप नाही. काका मिळेल त्या वाहनाने निघाले. मागे गल्लीतल्या बायकांनी पीठ एकत्र केले. दिवसभर चार घरांतल्या चुली पेटत्या राहिल्या आणि रात्री कारखान्यांतून निघालेल्या मदतीच्या ट्रकवर भाकरीची गाठोडी चढली. काका पाच दिवसांनी परतले. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. काकूंच्या माहेरचे कोणीच उरले नव्हते.

१९९६ च्या पावसाळ्यात माझे वडील वारले. शेवटची सहा वर्षे ते आमच्याजवळ होते. कारखान्याच्या भोंग्यावर ते घड्याळ लावीत, नातवंडांना शाळेत पोहोचवीत. पण त्यांचा जीव येथे रमला नाही. "मला मिशनच्या मातीत ठेव. इथं कंपनीच्या दारात नको," एवढेच त्यांचे मागणे. पहाटे चार वाजता गल्ली जागी झाली. समोरच्या चाचांनी टेम्पो मिळविला. दिवस कामाचा, पण आठ-दहा शेजारी खाडा करून आमच्याबरोबर निघाले. गंगापूरच्या पुढे काळ्या चिखलात टेम्पो रुतला तेव्हा याच माणसांनी, गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून, तो ढकलला.

गावी पोहोचल्यावर चुलत्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "ही कोणाची माणसं?" मी म्हणालो, "वाळूजची." आपल्या तोंडून कोणता शब्द गेला, याकडे त्या दिवशी माझे लक्ष नव्हते. वडिलांना मिशनच्या दफनभूमीत ठेवले. चाचांनीही मूठभर माती टाकली.

त्यानंतरची वर्षे भराभर गेली. १९९१ मध्ये सिडकोकडे वाळूज परिसरातील अठरा गावांचे नियोजन सोपविले गेले होते. त्यातून वाळूज महानगराच्या नव्या वसाहती उठल्या. आमच्या भागाचा कारभार मात्र ग्रामपंचायत, औद्योगिक महामंडळ आणि सिडको या तिघांत वाटलेला. गटार तुंबले की तक्रार कोठे करावी, हाच आधी वादाचा विषय होई. मधल्या मंदीत मी ज्या कारखान्यात बारा वर्षे घाम गाळला तो बंद पडला. शेवटच्या चार महिन्यांचा पगार आम्हांला मिळाला नाही. पुन्हा कंत्राटावर सुरुवात केली. प्रेसवर बोटे गमावलेले मित्र चहाच्या गाड्या लावून बसले. त्याच गल्ल्यांत पुढे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली पोरे आली. तीच दहा बाय दहाची खोली, तेच पाच जण, त्याच पाळ्या. त्यांना पाहिले की १९८६ ची माझी वळकटी आठवे. तरीही आम्ही जुने लोक त्यांना "बाहेरचे" म्हणू लागलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

एके संध्याकाळी, २०१९ मध्ये असेल, गावाकडच्या एका दफनविधीहून आम्ही परत येत होतो. पत्नी अचानक म्हणाली, "मी गेले तर मला टेम्पोत घालून हिंडवू नका." मी चमकलो. ती पुढे बोलली, "तुमच्या गावात माझं कोण आहे? लग्नानंतर महिनाभर राहिले तेवढीच. माझी माणसं इथं आहेत." मला राग आला. वडिलांच्या शेजारी आपल्याही जागा असाव्यात, असे माझ्या मनात पक्के होते. मी तिला उत्तर दिले नाही आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग कोरोना आला. २०२० च्या टाळेबंदीत वाळूजचे भोंगे बंद पडले. खोल्यांतली परप्रांतीय पोरे गावाकडे चालत निघाली. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशातील कामगार असेच निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या त्यांच्यापैकी सोळा जणांवरून मालगाडी गेली. त्यांचे मृतदेह रेल्वेनेच त्यांच्या मुलखाकडे पाठविले गेले. ती बातमी वाचून पत्नी दिवसभर गप्प होती. रात्री तिने शेजारच्या चाळीतल्या उरलेल्या पोरांसाठी खिचडी टाकली. पुढे महिनाभर तो तिचा नेम झाला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती गेली. इस्पितळात तिला शेवटचे पाहता आले ते काचेतून. गावी नेणे शक्य नव्हते. तशी परवानगीच नव्हती. शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत, मी आणि मुलगा एवढेच, अंतरावर उभे होतो. पांढऱ्या पोशाखातल्या, चेहराही न दिसणाऱ्या माणसांनी तिला मातीत ठेवले. फादरांनी दुरूनच प्रार्थना म्हटली. घरी आलो तर अंगणाच्या भिंतीवर एक डबा ठेवलेला. विलगीकरणाचे दिवस संपेपर्यंत तो डबा रोज येत राहिला. कधी काकूंकडून, कधी चाचींकडून. एकदा त्यात लिट्टी होती. ती कोणाकडून, हे विचारावे लागले नाही.

लोक सांत्वन करीत, पण माझ्या मनाला एकच टोचणी होती. मी तिला परक्या जागी एकटी सोडून आलो. गावच्या नातेवाइकांना मी सांगे, "परिस्थिती तशी होती. पुढे गावी तिच्या नावाचा दगड बसवू." तिने काय सांगितले होते, ते मी कोणाला सांगितले नाही. तिच्या इच्छेप्रमाणे झाले, पण ते माझ्या मनाने नव्हे, सरकारी नियमाने झाले. ती जिवंत असताना "बरं" असा एक शब्द मी म्हटला असता तर, हा विचार रात्री झोपू देईना.

त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, दफनभूमीत मिस्सा होता. फादरांनी प्रवचनासाठी अब्राहामाची गोष्ट घेतली. देवाने त्याला सबंध देश देऊ केला होता; पण सारा वारली तेव्हा त्या देशात त्याची हातभर जमीन नव्हती. तो परका होता. हेब्रोनच्या लोकांपुढे तो वाकला आणि चारशे शेकेल रुपे मोजून त्याने मकपेलाची गुहा व शेत विकत घेतले. त्या भूमीवर त्याच्या मालकीची झालेली पहिली जागा म्हणजे त्याच्या पत्नीची कबर. नंतर फादर योसेफाविषयी बोलले. मिसर देशात एवढा मोठा अधिकारी झाला, पण मरताना म्हणाला, माझ्या अस्थी येथे ठेवू नका. "दोघेही देवाचीच माणसे," फादर म्हणाले, "दोघांचीही ओढ खरी." मला वडील आठवले, पत्नी आठवली. दोघांच्या मागण्यांत मला जो विरोध दिसत होता तो त्या दिवशी सैल झाला. वडिलांना जेथे मान मिळाला ती माती त्यांनी मागितली. पत्नीने आपली माणसे जेथे होती ती मागितली.

मिस्सा संपल्यावर पाहतो तो, कबरीपाशी आमची गल्ली उभी. काकू, चाचा-चाची, जालन्याच्या वहिनी, आणि मागे संकोचून उभी असलेली चाळीतली दोन पोरे. काकूंच्या हातात शेवंतीची फुले व मेणबत्ती होती. मी म्हणालो, "काकू, एवढ्या लांब कशाला आलात?" त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या माहेरची माणसं सापडली तशी एकत्र जाळली. राख कोणती कोणाची, ते कळलं नाही. सव्वीस वर्षं मी दिवा लावायला जागा शोधत होते. वहिनी इथं आहेत हे ठाऊक तरी आहे. म्हणून आले." त्यांनी मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती विझली, तशी चाचांनी ओंजळ धरली आणि पुन्हा लावली.

सव्वीस नव्हे, अठ्ठावीस वर्षे झाली होती. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

गाव मी सोडलेले नाही. वडिलांच्या कबरीवर वर्षातून एकदा जातो, मिशनच्या आवारात बाकावर बसतो, घंटा ऐकतो. पण तेथे पत्नीच्या नावाचा दगड बसविण्याचा विचार मी सोडून दिला. मुलाला सांगून ठेवले आहे की माझी वेळ येईल तेव्हा टेम्पो शोधू नकोस. तुझ्या आईजवळ जागा पाहा. तो "बरं" म्हणाला. हा शब्द किती मोलाचा असतो ते त्याला ठाऊक नाही, मला आहे.

परवा चाळीत एक नवा मुलगा आला. दरभंग्याकडचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. नळाची वेळ विचारायला दारात उभा राहिला आणि सहज म्हणाला, "अंकल, आप कहाँ के हैं?"

मी म्हणालो, "यहीं का हूँ, बेटा. वाळूज का."